साठ मिनिटांत अलाबामा बदललं नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची एक गोष्ट नेतृत्वावरच्या व्याख्यानांत आणि खेळाच्या व्हिडिओंत सतत फिरत असते. थोडक्यात ती अशी. अलाबामा विद्यापीठाचा कोच पॉल ‘बेअर’ ब्रायंट याला संघात कृष्णवर्णीय खेळाडू हवे होते, पण वर्णद्वेषी गव्हर्नर आणि हट्टी प्रेक्षक आडवे येत होते. मग त्याने शक्कल लढवली. कॅलिफोर्नियातल्या यूएससीच्या, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू भरपूर होते. त्या संघाला त्याने १९७० साली बर्मिंगहॅमला खेळायला बोलावलं. १२ सप्टेंबरला सॅम कनिंगहॅम नावाच्या पोराने अलाबामाची दाणादाण उडवली, यूएससी ४२-२१ अशी जिंकली आणि गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडले. सामन्यानंतर ब्रायंट कनिंगहॅमला आपल्या लॉकर रूममध्ये घेऊन गेला, सगळ्यांसमोर उभं केलं आणि आपल्या मुलांना म्हणाला, ‘बघा, फुटबॉलपटू असा असतो.’ तेव्हापासून संघाची दारं उघडली. मग शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं: मार्टिन ल्यूथर किंग यांना वीस वर्षांत जमलं नाही ते कनिंगहॅमने साठ मिनिटांत करून दाखवलं.

सामना झाला, धावफलकही तोच. कनिंगहॅमने त्या दिवशी बारा वेळा चेंडू घेऊन १३५ यार्ड कापले, दोन टचडाउन केले (चेंडू थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला), तेही खरं. बाकीची गोष्ट मात्र तारखांशी ताडून पाहिली की उसवत जाते. आणि ती जिथे जिथे उसवते तिथे कुणाचं तरी नाव सापडतं, जे या गोष्टीने झाकून टाकलंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन हे लिहितोय.

ब्रायंट कोण होता ते आधी सांगायला हवं. १९१३ साली अर्कान्सामधल्या मोरो बॉटम या खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, बारा भावंडांतला अकरावा. स्वतः अलाबामाकडून खेळला. कोच म्हणून मेरीलँडला एक हंगाम, केंटकीला आठ, टेक्सस ए अँड एमला चार, आणि १९५८ पासून १९८२ पर्यंत सलग पंचवीस हंगाम अलाबामाला. सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं. निवृत्त झाला तेव्हा नावावर ३२३ विजय होते, आणि मोठ्या विद्यापीठांच्या कोचमध्ये तोवर तेवढे कुणाचेच नव्हते. शेवटच्या सामन्यानंतर महिनाही झाला नव्हता आणि तो गेला. दक्षिणेकडच्या राज्यांत कॉलेज फुटबॉलचा कोच गव्हर्नरहून मोठा असतो असं म्हणतात. ब्रायंटच्या बाबतीत ते शब्दशः खरं असावं. त्याच्या कोचिंगबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्याच्या खात्यावर जमा केलेल्या दुसऱ्यांच्या कमाईबद्दल.

‘त्या पराभवानंतर अलाबामाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला.’

गोष्टीचा कणा हाच आहे, आणि तोच मोडका आहे. यूएससीचा संघ बर्मिंगहॅमच्या लीजन फील्ड मैदानावर अलाबामाला तुडवत होता तेव्हा विल्बर जॅक्सन हा अलाबामाचा खेळाडू प्रेक्षकांत बसून सामना बघत होता. जॅक्सन कृष्णवर्णीय. अलाबामातल्याच ओझार्क गावचा. ब्रायंटच्या संघाची स्कॉलरशिप त्याने १९६९ च्या डिसेंबरात स्वीकारली होती, म्हणजे सामन्याच्या नऊ महिने आधी. मैदानात तो नव्हता याचं कारण वर्ण नाही, नियम. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने फुटबॉलमधला तो नियम १९७२ ला उठवला. त्यामुळे १९७० च्या हंगामात जॅक्सन पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वेगळ्या संघात होता.

अजून एक तारीख बघा. कॉलेज संघांना मोसमात अकरावा सामना खेळायची मुभा १९७० च्या हंगामापासून मिळाली. अलाबामा-यूएससी सामना त्या वाढीव जागेत बसवलेला. म्हणजे जॅक्सनची सही झाली तेव्हा हा सामना वेळापत्रकात आलेलाच नव्हता. ज्या सामन्यामुळे दार उघडलं म्हणतात, तो सामना ठरायच्या आधीच पहिला मुलगा दारातून आत आला होता.

हा जॅक्सन पुढे तीन हंगाम अलाबामाकडून धावला. दर वेळी चेंडू हातात आल्यावर सरासरी ७.२ यार्ड. हा खेळ ज्याने थोडाफार पाहिलाय त्याला हा आकडा वाचून थांबावं लागेल. चार यार्ड म्हणजे चांगलं समजतात. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातली मुलं निवडतात तेव्हा, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला पहिल्याच फेरीत उचललं. इतकं करूनही त्या गोष्टीत त्याचं नावही येत नाही, कारण ते आलं तर गोष्ट तिथेच संपते.

आणि खरं तर अलाबामा विद्यापीठाने स्कॉलरशिप दिलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅक्सनही नव्हे. तो मान वेंडेल हडसनचा. बर्मिंगहॅमच्या पार्कर हायस्कूलचा हा मुलगा १९६९ साली बास्केटबॉल संघात आला, कोच सी. एम. न्यूटनने त्याला आणलं. ब्रायंट तेव्हा विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख होता, त्यामुळे हडसनच्या प्रवेशाचं थोडं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

मग १९६९ मध्येच असं काय झालं? दोन हंगाम आधीपासून संघाची घसरण सुरू होती, हे एक कारण असेल. पण दुसरं कारण कागदोपत्री आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९६९ च्या जुलैत विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने ब्रायंट आणि विद्यापीठ यांच्याविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. गोऱ्या मुलांना शोधायला तुमची माणसं गावोगाव फिरतात, आमच्या शाळांकडे वळूनही बघत नाहीत, असा त्यांचा आरोप होता. वकील होते यू. डब्ल्यू. क्लेमन. बर्मिंगहॅमजवळच्या माइल्स कॉलेजात शिकलेले, विद्यार्थी असताना शहरातल्या आंदोलनात उतरलेले, कोलंबियातून नुकतीच कायद्याची पदवी घेऊन परतलेले. वय तिशीच्याही आत. त्या तरुण वकिलाने अलाबामातल्या सगळ्यात लाडक्या माणसाला शपथेवर प्रश्न विचारले. ज्या राज्यात ब्रायंटला कुणी उलट बोलत नसे, तिथे कृष्णवर्णीय वकील टेबलापलीकडे बसून विचारतोय, तुम्ही आजवर किती कृष्णवर्णीय मुलांना स्कॉलरशिप देऊ केली? मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात थरारक प्रसंग हा वाटतो, लीजन फील्डवरचा नाही. दाव्यानंतर पाच महिन्यांत जॅक्सनची सही झाली.

दाव्यामुळेच झाली असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. संघाची माणसं त्याआधीही काही कृष्णवर्णीय मुलांवर नजर ठेवून होती असं सांगितलं जातं. पण दावा आधी, सही नंतर, सामना त्याच्याही नंतर, हा क्रम कुणालाच बदलता येणार नाही.

‘अलाबामाच्या प्रेक्षकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंचा असा खेळ कधी पाहिलाच नव्हता.’

पाहिला होता, आणि त्याच मैदानावर. १९६९ च्या ऑक्टोबरात, म्हणजे यूएससीच्या अकरा महिने आधी, टेनेसीचा संघ लीजन फील्डवर आला आणि अलाबामाला ४१-१४ असं धुऊन गेला. टेनेसीच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू होते. लाइनबॅकर जॅकी वॉकरने तर अलाबामाचा पास मधल्यामध्ये पकडून टचडाउनही केला. यूएससीने २१ गुणांनी हरवलं तर टेनेसीने २७ गुणांनी. डोळे उघडायचेच होते तर तेव्हा उघडायला काय हरकत होती? पण टेनेसी शेजारचं, त्याच आग्नेय विभागातल्या एसईसी या लीगमधलं राज्य. दूरच्या कॅलिफोर्नियातून कुणी येऊन शहाणपण शिकवून जातो ही कल्पना गोष्टीला जास्त शोभते.

अलाबामाबाहेर तर ब्रायंटचा संघ असे सामने कधीपासून खेळत होता. १९५९ च्या डिसेंबरात, त्याच्या दुसऱ्याच हंगामात, फिलाडेल्फियाला लिबर्टी बोल या मोसमाअखेरच्या खास सामन्यात पेन स्टेटविरुद्ध. त्यांच्याकडे चार्ली जॅनरेट हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. अलाबामा ७-० ने हरली. मग ओक्लाहोमा, नेब्रास्का. १९६८ मध्ये मिझुरीकडून ३५-१०, १९६९ मध्ये कोलोरॅडोकडून ४७-३३ असे पराभव. हे सगळे मिश्र संघ.

शिवाय लीजन फील्ड हे काही फक्त गोऱ्यांचं मैदान नव्हतं. अलाबामा ए अँड एम आणि अलाबामा स्टेट ही कृष्णवर्णीयांची दोन कॉलेजं. त्यांचा ‘मॅजिक सिटी क्लासिक’ हा सामना १९४० च्या दशकापासून याच मैदानावर होत होता. मैदान तेच, गवत तेच, फक्त स्टँडमध्ये बसणारे दुसरे. बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीय खेळाडू माहीत नव्हते असं म्हणणं म्हणजे त्या शहराच्या निम्म्या माणसांना मोजणीतून वगळणं.

आणि गुणवत्तेची खबर तर सगळ्यांना होतीच. १९६६ साली अलाबामा एकही सामना न हरता, बरोबरीही न करता मोसम संपवूनही देशात तिसरी ठरली. वर होते नोटर डेम आणि मिशिगन स्टेट. मिशिगन स्टेटचा बचाव ज्यांच्या जोरावर उभा होता त्या बब्बा स्मिथ आणि जॉर्ज वेबस्टरची गावं कुठली? एकाचं टेक्ससमध्ये, दुसऱ्याचं साउथ कॅरोलायनात. दक्षिणेतली ही मुलं घराजवळच्या मोठ्या विद्यापीठांनी घेतली नाहीत म्हणून बर्फात जाऊन खेळत होती. यूएससीकडून त्या दिवशी कनिंगहॅमच्या बाजूने धावणारा क्लॅरन्स डेव्हिस कुठे जन्मला होता? बर्मिंगहॅममध्ये.

‘ब्रायंटने हरण्यासाठीच हा सामना ठरवला.’

याला पुरावा नाही. सामना ठरला तो ब्रायंट आणि यूएससीचा कोच जॉन मॅके यांच्या मैत्रीतून. दोघे जुने दोस्त. एक सामना बर्मिंगहॅमला, पुढच्या वर्षी परतीचा लॉस एंजेलिसला, असा व्यवहार होता. नव्याने मिळालेल्या अकराव्या सामन्यात मोठं नाव बोलावलं की तिकिटं खपतात, टीव्ही येतो. यात काही गैर नाही, पण गूढही नाही. आणि ज्याने आयुष्यभर पराभव पचवला नाही, टेक्सस ए अँड एमला असताना मुलांना जंक्शन गावच्या शिबिरात भर उन्हात दहा दिवस असं राबवलं की निम्म्याहून अधिक पळून गेली, तो माणूस घरच्या मैदानावर जाणूनबुजून मार खाईल यावर माझा तरी विश्वास बसत नाही. १९७० चा अलाबामाचा संघ मुळातच ढेपाळलेला होता. शेवटचा बोल सामना धरून मोसमाअखेर सहा विजय, पाच पराभव, एक बरोबरी.

लॉकर रूममधल्या प्रसंगावर फार शब्द खर्च करायला नकोत. अलाबामाच्या तेव्हाच्या खेळाडूंनी असं काही आपल्यासमोर घडल्याचं वर्षानुवर्षं नाकारलंय, आणि कनिंगहॅमच्या नंतरच्या सांगण्यातूनही त्याला आधार मिळत नाही. ब्रायंटने त्याला भेटून शाबासकी दिली, इतपत ठीक. तुम्हीच विचार करा: वीस वर्षांचा मुलगा, मुख्य संघाकडून पहिलाच सामना खेळलेला. त्याला हरलेल्या, घामाघूम, गोऱ्या खेळाडूंपुढे अर्ध्या कपड्यांत नमुन्यासारखं उभं करायचं. यात सन्मान कुठे दिसतो लोकांना? लिलावातला माल दाखवावा तसा हा प्रसंग आहे आणि तो घडला नाही हे बरंच झालं. कनिंगहॅम २०२१ मध्ये गेला तेव्हाही अनेक मृत्युलेखांनी त्याला त्याच लॉकर रूममध्ये पुन्हा नेऊन उभं केलं.

‘ब्रायंटला कधीपासून कृष्णवर्णीय खेळाडू हवे होते, पण गव्हर्नर जॉर्ज वॉलेसपुढे त्याचं काही चालत नव्हतं.’

इथे थोडं थांबून नीट बोलावं लागेल, कारण यात तथ्याचा अंश आहे. ब्रायंटने आत्मचरित्रात लिहिलंय की केंटकीत असताना, म्हणजे १९५० च्या आगेमागे, त्याने विद्यापीठाच्या अध्यक्षांकडे कृष्णवर्णीय खेळाडू घेण्याचा विषय काढला होता. त्याच्या तोंडून वर्णद्वेषाची भाषणं कुणी ऐकली नाहीत. आणि वॉलेसची दहशत खरी होती. जून १९६३ मध्ये हाच गव्हर्नर टस्कलूसा या गावी अलाबामा विद्यापीठाच्या सभागृहाच्या दारात आडवा उभा राहिला, व्हिव्हियन मालोन आणि जेम्स हूड या दोन विद्यार्थ्यांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. राष्ट्राध्यक्ष केनेडींना नॅशनल गार्ड उतरवावं लागलं. ब्रायंटचं ऑफिस त्याच कॅम्पसवर होतं.

पण तारखा इथेही सोबत करत नाहीत. वॉलेस स्वतः १९६७ च्या सुरुवातीला पायउतार झाला. त्याची पत्नी लर्लीन गव्हर्नर झाली. ती मे १९६८ मध्ये वारली आणि अल्बर्ट ब्रूअर आला. जॅक्सनची सही ब्रूअरच्या काळातली, यूएससीचा सामनाही. वॉलेस परत गादीवर बसला १९७१ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी अलाबामाकडून कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यांदा मुख्य सामन्यात उतरले. वॉलेसच्या डोळ्यांदेखत. काही आकाश कोसळलं नाही.

राज्यातलंच दुसरं विद्यापीठ ऑबर्न. गव्हर्नर तोच, विधानसभा तीच. ऑबर्नने जेम्स ओवेन्स या बर्मिंगहॅमजवळच्या फेअरफील्डच्या मुलाला ब्रायंटच्या आधी घेतलं. १९७० च्या हंगामात ओवेन्स मुख्य संघात होता. ज्या सप्टेंबरात कनिंगहॅम अलाबामाला धडा शिकवतोय असं आपण ऐकतो, त्या सप्टेंबरात एसईसीच्या दहा संघांपैकी केंटकी, टेनेसी, ऑबर्न, फ्लोरिडा आणि मिसिसिपी स्टेट अशा किमान पाच संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते. ब्रायंट वाट दाखवत नव्हता. तो मागून येत होता.

वाट दाखवली ती केंटकीने, ब्रायंटच्याच जुन्या विद्यापीठाने, आणि त्याची किंमत दोन मुलांनी मोजली. नेट नॉर्थिंग्टन आणि ग्रेग पेज एकाच खोलीत राहायचे. १९६७ च्या ऑगस्टात सरावात पेजच्या मानेला मार बसून तो लुळा पडला. २९ सप्टेंबरला तो वारला. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, नॉर्थिंग्टन मिसिसिपीविरुद्ध मैदानात उतरला, आणि एसईसीच्या फुटबॉलमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. खांदा निखळलेला, काही मिनिटंच खेळला. थोड्या आठवड्यांत त्याने संघ सोडला. जाताना संघातल्या दोघा धाकट्या कृष्णवर्णीय मुलांना सांगून गेला, तुम्ही मात्र सोडू नका. त्यातला विल्बर हॅकेट पुढे संघाचा कर्णधार झाला. ज्यांना या विषयावर प्रेरणादायी गोष्ट हवी आहे त्यांनी ही सांगावी. तिला पदरची मीठमिरची लावावी लागत नाही.

आता ब्रायंटच्या स्वतःच्या दाराशी काय झालं ते. १९६७ च्या वसंतात डॉक रोन हा मॉंटगोमेरीचा विद्यार्थी ब्रायंटच्या ऑफिसात गेला आणि म्हणाला, मला खेळायचंय. स्कॉलरशिप नको, फक्त संधी द्या. त्याच्यासोबत आणखी चौघं. ब्रायंटने त्यांना हाकललं नाही, सरावाला येऊ दिलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण हंगाम सुरू झाला तेव्हा पाचांपैकी एकही संघात नव्हता. त्यातले आर्थर डनिंग पुढे जॉर्जियातल्या ऑल्बनी स्टेट विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत जो माणूस पूर्ण स्कॉलरशिप देऊन मुलं आणू शकला, त्याला १९६७ साली स्वतःहून चालत आलेल्या पाचांपैकी एकाला ठेवून घेणं खरंच अशक्य होतं का? १९६१ आणि १९६४-६५ ची अजिंक्यपदं त्याच्या खिशात होती. त्याच्या शब्दाला त्या राज्यात जे वजन होतं ते कुठल्याच शिक्षकाला, पाद्र्याला, न्यायाधीशाला नव्हतं. अलाबामाला आल्यापासून जॅक्सनच्या सहीपर्यंत बारा हंगाम गेले. मला वाटतं, त्याने वारा कुठे वाहतोय ते बघितलं, आणि वारा वळवायचं काम इतरांवर सोडलं. बहुतेक माणसं हेच करतात. पण मग बहुतेक माणसांचे पुतळे उभारत नाहीत.

एक दाखला सामन्यानंतरचाही आहे. हंट्सव्हिलचा कॉन्ड्रेज हॉलोवे हा अप्रतिम क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, चाली तोच चालवतो. यूएससीचा सामना होऊन गेला होता, डोळे म्हणे उघडले होते. ब्रायंटने हॉलोवेला घ्यायची तयारी दाखवली, पण क्वार्टरबॅक म्हणून नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकसाठी अलाबामा अजून तयार नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं. हे हॉलोवेने स्वतः अनेकदा सांगितलंय, आणि कडवटपणे नाही. ब्रायंट निदान खरं बोलला असंच त्याचं म्हणणं असायचं. हॉलोवे टेनेसीला गेला आणि १९७२ मध्ये एसईसीतला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणून खेळू लागला. अलाबामात वॉल्टर लुइस त्या जागी आला तोवर १९८० चं दशक उजाडलं होतं आणि ब्रायंट निवृत्तीला टेकला होता.

सामन्याचा काहीच परिणाम झाला नाही असं माझं म्हणणं नाही. यूएससीच्या मागच्या फळीत जिमी जोन्स, डेव्हिस, कनिंगहॅम असे सगळे कृष्णवर्णीय होते. त्यांना आपल्या डोळ्यांसमोर जिंकताना बघून काही गोऱ्या प्रेक्षकांच्या तोंडाला कुलूप बसलं असेल. मॅकेशी असलेल्या दोस्तीतूनच ब्रायंटला जॉन मिचेलचा पत्ता लागला. अलाबामातल्याच मोबील शहराचा हा मुलगा ॲरिझोनातल्या एका ज्युनिअर कॉलेजात खेळत होता आणि यूएससी त्याला घेणार होती. ब्रायंटने तो आपल्याकडे वळवला. १० सप्टेंबर १९७१ ला लॉस एंजेलिसच्या परतीच्या सामन्यात मिचेल अलाबामाकडून मुख्य सामन्यात उतरणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अलाबामा १७-१० ने जिंकली. पुढच्या वर्षी मिचेल सहकर्णधार, त्याच्या पुढच्या वर्षी ब्रायंटचा पहिला कृष्णवर्णीय साहाय्यक कोच. दार एकदा उघडल्यावर ब्रायंटने आत आलेल्यांना नीट वागवलं, आणि मिचेलने त्याच्याबद्दल नेहमी आदरानेच सांगितलं. हे श्रेय त्याचंच आहे.

उरलं ते किंग यांच्याबद्दलचं वाक्य. ते सहसा जेरी क्लेबोर्न याच्या नावावर सांगतात. हा ब्रायंटचा जुना खेळाडू आणि साहाय्यक. पुष्कळदा ते थेट ब्रायंटच्याच तोंडी घालतात. मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त राग या वाक्याचा येतो.

मुळात वीस वर्षं कुठून आली? किंग सार्वजनिक जीवनात आले ते डिसेंबर १९५५ च्या मॉंटगोमेरी बस बहिष्कारातून. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये त्यांना गोळी घातली. साडेबारा वर्षंही पुरती मिळाली नाहीत त्यांना. आणि त्या वर्षांत काय झालं? १९५६ मध्ये ऑथरीन लूसी अलाबामा विद्यापीठात शिकायला गेली तर जमावाने तिचा पाठलाग केला आणि विद्यापीठाने जमावाला आवरायचं सोडून तिलाच काढून टाकलं. १९६३ च्या वसंतात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर शाळकरी मुलं उतरली, शहराच्या पोलीस आणि अग्निशमन खात्यांचा प्रमुख बुल कॉनर याच्या माणसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. त्याच्या थोडं आधी किंग त्याच शहराच्या तुरुंगात होते. सप्टेंबरात सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली गेल्या. लीजन फील्ड तिथून काही मैलांवर. या सगळ्यातून १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्णावरून भेद करता येणार नाही हे त्यात लिहिलं गेलं. तो नसता तर क्लेमन कोर्टात कशाच्या जोरावर उभे राहिले असते? मालोन आणि हूड त्या दारातून आत गेले नसते तर जॅक्सनने सही कुठल्या विद्यापीठात केली असती? कनिंगहॅमला तरी बर्मिंगहॅमच्या हॉटेलात खोली मिळाली असती का?

कनिंगहॅमचा यात दोष नाही. तो खेळायला आला होता, खेळून गेला. पण ते वाक्य किंग यांना खाली ढकलण्यासाठी त्याला वापरतं. ज्यांनी आंदोलनाचा विरोध केला, किंवा खिडकी लावून घरात बसले, त्यांना ते फार सोयीचं जातं. मोर्चे, खटले, तुरुंग यांची गरजच नव्हती. चांगला फुटबॉल बघितला की आमची मनं आपोआप बदलली असती, असं ते सुचवतं.

मनं किती बदलली याचं माप हवं असेल तर सिल्व्हेस्टर क्रूमचं आयुष्य बघा. क्रूम टस्कलूसाचाच. ब्रायंटच्या हाताखाली सेंटर म्हणून खेळला, १९७४ मध्ये ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तमांपैकी एक ठरला, मग दहा वर्षं तिथेच साहाय्यक कोच, पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये सतरा. २००३ मध्ये अलाबामाला मुख्य कोच हवा होता आणि क्रूमचं नाव शेवटच्या यादीत होतं. विद्यापीठाने माइक शुला याला निवडलं. तो क्रूमहून दहाएक वर्षांनी लहान, गोरा, आणि मुख्य कोच म्हणून एका दिवसाचाही अनुभव नसलेला. त्याच वर्षी डिसेंबरात मिसिसिपी स्टेटने क्रूमला घेतलं आणि तो एसईसीतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल कोच झाला, लीजन फील्डवरच्या त्या सामन्यानंतर तेहतीस वर्षांनी. अलाबामात ब्रायंटच्या खुर्चीत आजवर एकही कृष्णवर्णीय माणूस बसलेला नाही.